वाकडा दांडा

परवा आमच्याकडे एक प्रकरण झालं. निम्म्या नातेवाइकांना ते एव्हाना फोनवरून कळलंच आहे. पण मूळ मुद्दा कुणी नीट सांगितला नसणार, म्हणून लिहायला बसलो.

माझा भाचा पन्नाशीचा. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर घरामागच्या शेडमध्ये लेथ टाकून बसलाय. हात सोन्याचा, यात वाद नाही. तो एक सायकल घेऊन आला. तिचा पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक हो, सरळ नव्हता. इंग्रजी 'एल' अक्षरासारखा काटकोनात वाकवलेला होता.

"मामा, साधा दांडा वर उभा आला की पाय दाबून उपयोग होत नाही. हा वाकडा असल्यामुळे पायडल तेव्हा पुढे असतं. तीस टक्के जोर वाढतो बघा."

मग चहा झाल्यावर हळूच विषय निघाला, दीड लाख रुपयांचा. माझी एक ठेव दिवाळीत सुटणार आहे हे माझ्या बहिणीच्या बरोबर लक्षात असतं!

आता मी मराठीचा मास्तर. पण पहिल्या शाळेत दोन वर्षं विज्ञानाला शिक्षकच नव्हते, तेव्हा सातवी-आठवीला तरफा मी शिकवल्या. आदल्या रात्री वाचायचं आणि सकाळी शिकवायचं, त्यामुळे पक्कं डोक्यात बसलं. मी कागद घेतला. मधल्या आसाचा एक ठिपका काढला, पायडलचा दुसरा. दोन्हींच्या मध्ये त्याचा वाकडा दांडा काढला आणि मग पट्टीने ठिपक्यांमध्ये सरळ रेघ मारली.

"पायाला फक्त ही रेघ कळते रे. मधलं लोखंड कुठून वळून आलंय त्याच्याशी पायाला कर्तव्य नाही. तुझ्या आजीचं जातं आठव. खुंटा मध्यापासून किती लांब, एवढ्यावरच जातं हलकं की जड ते ठरायचं."

पायडल आसाच्या बरोबर डोक्यावर आलं की खाली दाबलेला सगळा जोर आसावरच पडतो, चाक फिरवायला काही उरत नाही. वाकड्या दांड्यातही ती जागा येतेच. फक्त तेव्हा दांडा तिरका दिसतो म्हणून आपण फसतो. इटलीत १९८० च्या दशकात पीएमपी नावाच्या कंपनीने असे एल आकाराचे दांडे विकले होते. आज ते जुन्या सायकली जमवणाऱ्यांकडे शोभेला आहेत.

भाचा ऐकणारा नव्हताच. म्हणाला, "मग विगिन्सनं २०१२ ची टूर द फ्रान्स लंबगोल चक्र लावून जिंकली ती कशी?"

प्रश्न चांगला होता. लंबगोल दातेरी चक्राची गोष्ट खरंच निराळी आहे. तिथे चेनपासून आसाचं अंतर प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होतं, म्हणजे पायाला फरक जाणवतो. पण तिथेही गंमत बघा. शिमानो कंपनीने १९८३ मध्ये 'बायोपेस' नावाचं लंबगोल चक्र आणलं. त्यात पाय जोरात दाबायच्या वेळी चक्राची अरुंद बाजू कामाला येई. विगिन्सचं 'ओसिमेट्रिक' नेमकं उलटं. जोर देताना रुंद बाजू! म्हणजे जवळजवळ काटकोनात फिरवून बसवलेली दोन चक्रं, आणि दोघांचं म्हणणं एकच, की आमच्यामुळे पाय चांगले चालतात. बायोपेस दहा-एक वर्षांत मागे पडलं. आणि साध्या गोल चक्रावर ती शर्यत विगिन्सच्या आधीही कितीतरी जणांनी जिंकली आणि नंतरही.

मला खरा संशय येतो तो त्या तीस टक्क्यांचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९९ मध्ये सायकलची चेन तपासली, तेव्हा घातलेल्या कामापैकी ९८.६ टक्क्यांपर्यंत काम पुढे पोचताना दिसलं. वाया जातंय तेच मुळी इतकं थोडं, तर तीस टक्के आणायचे कुठून? घागरीत शेर असताना मण ओतायची गोष्ट झाली ही.

"तुम्ही एकदा चालवून तरी बघा," तो म्हणाला. रास्त बोलला. सोसायटीच्या आवारात मी पाच फेऱ्या मारल्या (बायको खिडकीतून ओरडत होती, ते सोडा). आणि खरं सांगायचं तर सायकल हलकी लागली! चांगलीच हलकी लागली. क्षणभर वाटलं, आपलीच रेघ चुकली की काय.

खाली उतरून नीट पाहिलं. चेन कोरी. आसात नवे छर्रे, ग्रीस भरलेलं. मी म्हटलं, "आता याच सायकलला जुना सरळ दांडा लाव." पिशवीत होताच त्याच्या. कॉटर ठोकून काढायला अर्धा तास गेला. पुन्हा पाच फेऱ्या मी, पाच त्याने. सायकल तेवढीच हलकी.

तो पायरीवर बसून चिंधीने हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत होता. मला तेव्हा थांबायला हवं होतं. पण चाळीस वर्षांची सवय! मी तो कागद पुन्हा पुढे सरकवला आणि बायोपेसची आकृती काढून दाखवली. तो "येतो मामा" म्हणाला आणि सायकल न चालवता हातात धरून फाटकाबाहेर गेला.

रात्री बहिणीचा फोन. "दादा, पैसे द्यायचे नव्हते तर सरळ नाही म्हणायचंस. त्याला शाळेत कशाला बसवलंस?"

तिला काय सांगणार? पैसे दिले असते तर दीड लाखाचे वाकडे दांडे शेडमध्ये गंजत पडले असते, याची मला आजही खात्री आहे. पण कागद मी दुसऱ्यांदा पुढे करायला नको होता, हेही खरं.

काल त्याला फोन केला. म्हटलं, माझी जुनी सायकल माळ्यावर आहे, तिला तसेच छर्रे आणि चेन घालून दे, मजुरी मी देणार. जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "टायर केवढे आहेत, मोजून ठेवा."

आज सकाळी शिडी लावून मोजून आलो.