शंभर ड्रिल बिट आणि एक हँडल

"मेकॅनिकलला आहेस ना रे? मग चार भोकं पाडायला मिस्त्री कशाला बोलवायचा?"

बाबांच्या या प्रश्नावर 'नाही' म्हणायची सोय नव्हती. तीन वर्षांची फी त्यांनी भरलेली. मित्रहो, वर्कशॉपमध्ये आपण जॉब कसे करतो (आणि कोणाकडून करून घेतो!) हे आपल्याला माहीत, घरच्यांना थोडंच माहीत?

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. घर श्रीवर्धनला. आजोबा बाथरूममध्ये एकदा घसरले होते. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ते भिंतीला हात लावून चालायला लागले. बाबांनी स्टीलचं एक हँडल आणलं. ते भिंतीत बसवायचं, एवढंच काम.

ड्रिल मशीन घरात होतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या छपराचे पत्रे उडाले, सुपारीची वाडी आडवी झाली, तेव्हा पत्रे ठोकायला ते घेतलं होतं. नंतर वर्षातून चार-दोनदा बाहेर निघायचं. पण त्याचे बिट समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजून एकमेकांना चिकटलेले. म्हणून मी एक सेट मागवला. शंभर नग, रंग सोनेरी, किंमत 499 रुपये. डबा उघडला तेव्हा आईसुद्धा "किती छान दिसतंय" म्हणाली. दिसायला होतंच!

आता या सोन्याबद्दल थोडं. चांगल्या बिटवर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर देतात, तो खरोखरच सोनेरी असतो आणि धार जास्त टिकते. पण सोनेरी दिसणारं सगळंच टायटॅनियम नायट्राइड नसतं. खरा प्रश्न आतल्या पोलादाचा. हायस्पीड स्टीलमध्ये टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम, व्हॅनेडियम असतं, त्यामुळे ते सुमारे 600 अंश सेल्सियसपर्यंत कडकपणा सोडत नाही. साधं कार्बन स्टील 250 च्या आसपासच मऊ पडायला लागतं. हे मी मटेरियल सायन्सच्या पेपरात लिहून आलो होतो, मार्कही मिळाले होते. सेट मागवताना मात्र आठवलं नाही.

पहिला बिट टाइलवर नुसता घसरत राहिला. मग मी शहाणपणा केला आणि हॅमरचं बटण दाबलं. टाइलला तडा गेला. तिच्यामागे आमची जांभ्याची भिंत. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांना सांगायला नको, जांभा म्हणजे भोकांचाच दगड. काँक्रीटला हॅमर लागतो, कारण तिथे बिट कापत नाही, दगड फोडत जातो. जांभ्यात हॅमर लावला की भोक गोल न राहता लंबगोल होतं. तांबडा भुगा भसाभसा खाली आला. 8 मिलिमीटरचा प्लास्टिकचा प्लग मी बोटाने आत ढकलला आणि तो गेला. ठोकावा लागला नाही, तेव्हाच मला कळलं होतं.

इथे मला कबुली द्यायची आहे. मी त्या भोकात आगपेटीच्या काड्या कोंबल्या. स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटला. हँडल झकास दिसत होतं. बाबांनी पाठीवर थाप मारली आणि मी ती घेतली.

चौथ्या दिवशी सकाळी हँडल आजोबांच्या हातात आलं. बाबा दारातच उभे होते म्हणून बगलेत धरता आलं. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. आजोबा मला एवढंच म्हणाले, "भोक मोठं झालं काय रे?" जन्मभर वाडीत गिरमिटाने काम केलेला माणूस, त्यांना बघताक्षणी कळलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी बाजारात एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि ऐटीत म्हणालो, "काका, चांगल्यातला सेट दाखवा." काकांनी चष्म्यावरून बघितलं. "वर्षाला भोकं किती पाडतोस?"

"असतील पंधरा-वीस..."

"मग शंभर बिट घेऊन काय करणार?"

त्यानंतरच्या अर्ध्या तासात मी जे शिकलो ते एका सेमिस्टरमध्ये शिकलो नव्हतो. काका म्हणाले, घरात लाकूड, लोखंड आणि भिंत एवढंच असतं. लोखंडाला आणि पत्र्याला हायस्पीडचा 13 नगांचा छोटा सेट पुरतो, दीड ते साडेसहा मिलिमीटर. घरातलं लाकूडही त्यात भागतं. भिंतीला 6, 8 आणि 10 चे कार्बाइड टोकाचे तीन बिट सुटे घ्यायचे. टाइलसाठी भाल्यासारख्या टोकाचा एक. बास! प्रत्येक बिट त्यांनी काउंटरच्या काचेवर लोळवून दाखवला. वाकडा असेल तर तो उड्या मारतो. मग टोक उजेडात धरून दोन्ही धारा सारख्या आहेत का ते बघितलं. एक धार लांब असली की भोक मापापेक्षा मोठं होतं. दोन बिट तर त्यांनी स्वतःच बाजूला टाकले.

जांभ्यासाठी त्यांनी केमिकल अँकरची नळी आणि 8 मिलिमीटरचे आट्यांचे स्टीलचे रॉड दिले. पण एक घोटाळा होता. हँडलच्या पट्टीतली भोकं 6 ची, ती साडेआठची करायची होती, आणि पट्टी स्टेनलेसची. त्यासाठी त्यांनी साडेआठचा एक कोबाल्टवाला बिट दिला. सगळ्या खरेदीत तोच महाग. सोनेरी सेटमधला त्याच मापाचा बिट मी आदल्या खेपेला पट्टीवर चालवून बघितला होता. धूर निघाला, टोक निळं पडलं, पट्टीवर नुसता चकचकीत डाग.

रात्री वही काढली. कटिंग स्पीड म्हणजे पाय डी एन भागिले 1000, व्हायवात पाठ म्हटलेला फॉर्म्युला. आमचं मशीन पूर्ण वेगात मिनिटाला 2800 फेरे घेतं. साडेआठच्या बिटला ते झाले मिनिटाला सुमारे 75 मीटर. स्टेनलेसला साधारण 10 मीटर पुरे, म्हणजे फेरे 375 च्या आसपास. मी साडेसात पट वेगाने स्टेनलेस घासत होतो! आणि स्टेनलेस असं घासलं की आणखी कडक होतं. म्हणजे त्या 499 च्या सेटवर सगळा दोष ढकलता येत नाही, कोबाल्टचाही मी असाच बळी घेतला असता.

दुसऱ्या दिवशी पट्टी लाकडी फळीवर पाचर लावून घट्ट बसवली, आईच्या शिलाई मशीनचं तेल टाकलं, ट्रिगर अर्धवट दाबला आणि जोर दिला. स्टीलचा लांब वेटोळा भुगा बाहेर यायला लागला. खरं सांगतो, टॉपर आल्याचा आनंद असाच असावा (अनुभव नाही).

भिंतीत नवी जागा निवडली, दोन चिऱ्यांमधला सांधा टाळून. टाइलवर चिकटपट्टीची फुली मारली, म्हणजे टोक घसरत नाही. हॅमर बंद. टाइल भाल्याच्या बिटने पार केली, मग 10 चा बिट, त्याच्यावर 100 मिलिमीटरला खुणेची पट्टी. सायकलच्या पंपाने भोकातली धूळ काढली, अँकर भरला, रॉड फिरवत आत घातले आणि दिवसभर कोणाला हात लावू दिला नाही. नंतर नट आवळून मी स्वतः हँडलला लोंबकळलो. 68 किलो. हललं नाही.

काकांचे बिट आता तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात आहेत, पावसाळ्यातही गंज नाही. सोनेरी सेट कपाटावर पडून आहे, आई त्यातल्या सळ्यांनी कुंड्यांतली माती उकरते.

आजोबा रोज सकाळी आत जातात. मी सुट्टीत घरी असलो की बाहेरून ऐकतो. आधी हँडलला दोन झटके देतात, खाट-खाट. मग थोडं थांबतात. मग नळ सुटतो.