वारा जाणणारं गवत

तोक्योत आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या हातात तीन गोष्टी पडल्या. रेसिडेन्स कार्ड, कचऱ्याचं टाइमटेबल आणि गवताची एक कुंडी. पहिल्या दोन मी जिवापाड जपल्या. तिसरी कचऱ्यात टाकली!

ऑनसाइटवाल्या मंडळींना निशी-कासाई हे नाव सांगायला नको. तोझाई लाइनवरचं स्टेशन. 2000 सालच्या वाय-टू-केच्या गडबडीत भारतीय इंजिनीअर इथे यायला लागले आणि मग रमलेच. कढीपत्ता, तूरडाळ, पोहे, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे होमसिक व्हायचीसुद्धा सोय नाही. माझ्या मजल्यावर मात्र मी एकटीच मराठी, आणि शेजारी एक जपानी आजी. वय पंचाहत्तरच्या पुढे, कणा ताठ, बागकामाचे हातमोजे कायम खिशात. मी पुण्याहून नेलेली बाकरवडी त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात कुंडी! स्वतःच्या जुन्या गवताचा ठोंब फोडून त्यांनी मला वाटा दिला होता.

खरं सांगू? मला वाटलं, गवत काय द्यायचं एखाद्याला! मोगरा द्या, गुलाब द्या. आपल्याकडे गवत उपटतात, कुंडीत लावत नाहीत. गवती चहा लावतात, पण तो पोटात जातो म्हणून.

मग मेमध्ये त्याला पानं फुटली आणि माझं तोंड बंद झालं. पिवळीधमक, मधून हिरव्या रेघा असलेली लांब पानं. सगळी एकाच बाजूला झुकलेली, कुणीतरी आत्ताच कंगवा फिरवल्यासारखी. बाल्कनीत जरा कुठे झुळूक आली की आधी त्यालाच कळायचं. जपानीत त्याचं नाव फूचिसो. फू म्हणजे वारा, चि म्हणजे जाणणं, सो म्हणजे गवत. दुसरं नाव उराहागुसा, म्हणजे उलट्या पानाचं गवत. नीट बघितलंत तर प्रत्येक पान बुडाशी पीळ घेतं आणि आपली खालची बाजू वर करून बसतं. जगभरच्या नर्सऱ्यांत ते हाकोनेक्लोआ म्हणून विकलं जातं, कारण त्याचं घर हाकोनेच्या डोंगरात, ओल्या कड्यांवर. याच पिवळ्या जातीला 2009 साली अमेरिकेतल्या बागकामवाल्यांच्या संघटनेने ‘वर्षातलं बहुवर्षायू रोप’ म्हणून निवडलं होतं. आणि मी त्याला गवत म्हणून नाक मुरडत होते.

त्याचे नखरे मी हळूहळू शिकले. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. जास्त उन्हात पिवळी पानं कडेने करपतात, अगदीच अंधारात ठेवलं तर पिवळेपणा जाऊन पोपटी होतात. माती सतत ओलसर हवी, पण कुंडीत पाणी साचता कामा नये. जुलै-ऑगस्टमध्ये तोक्योचा उकाडा असा असतो की मुंबईचा मे परवडला. तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी. माझी पहिली चूक म्हणजे कुंडी एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर ठेवली. आठवडाभर गरम हवा खाऊन टोकं पार तांबडी! आजींनी पार्टिशनवरून बघितलं, काही न बोलता आत गेल्या आणि कागदावर बाल्कनीचा नकाशा काढून घेऊन आल्या. कोपऱ्यात फुली मारलेली. तिथे ठेव.

ऑक्टोबरच्या गारव्यात पानांवर गुलाबी छटा आली. मी रोज ऑफिसला जाताना त्याला बाय करायचे (हसू नका, एकटं राहिलं की होतं असं). आणि मग डिसेंबर. दोन आठवड्यांत सगळं गवत वाळून पेंढा. ओढलं तर काड्या हातात येत होत्या. मी पाणी वाढवलं, खत घातलं, गुगल न करता जे जे करता येतं ते सगळं केलं. शेवटी पुण्याला सुटीवर निघायच्या आदल्या रात्री वाळकी पानं ‘जळणाऱ्या’ कचऱ्याच्या पिशवीत भरली आणि मुळांचा गड्डाही कोंबला. माती तिथे कचऱ्यात घेत नाहीत, म्हणून ती शिस्तीत झटकून कुंडीत ठेवली. केवढी ती जागरूकता!

सकाळी पिशवी ठेवायला खाली उतरले तर आजी तिथेच. पिशवी पारदर्शक. त्यांनी बघितलं. मीही बघितलं की त्यांनी बघितलं. “प्रवास सुखाचा होवो,” एवढंच म्हणाल्या.

जानेवारीत परत आले तेव्हा त्यांच्या बाल्कनीत त्यांचं गवत तसंच होतं, माझ्याइतकंच वाळलेलं. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं. कात्री काढली, वाळलेला झुबका मुठीत धरला आणि मातीपासून चार बोटं ठेवून सपकन कापला. मग बोटाने बुडखा उघडून दाखवला. आत गुलाबीसर टोकदार कोंब, सुईच्या टोकाएवढे. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी म्हटलं, “मला वाटलं ते मेलं.” त्या म्हणाल्या, “झोपलं होतं.” आणि मग, “हाकोनेला जा. पण या महिन्यात नाही. मार्चअखेर.”

हाकोने म्हणजे तोक्योवाल्यांचं लोणावळा. शिंजुकूहून रोमान्सकार ट्रेन पकडा, साधारण दीड तासात हाकोने-युमोतो. तिथून सेंगोकुहाराकडे जाणारी बस, घाट चढत अर्धा तास. सेंगोकु-कोगेन स्टॉपवर उतरायचं. फोटोंत सगळ्यांनी पाहिलेलं असतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचं सेंगोकुहारा. माणसाच्या डोक्यावरून जाणारं सुसुकी गवत, दाइगाताके डोंगराचा अख्खा उतार सोनेरी-रुपेरी, मधून एक सरळ पायवाट. हे फूचिसो नव्हे, त्याचं दांडगं चुलतभावंड म्हणा. पूर्वी हेच कापून घरं शाकारत. शरदातल्या पौर्णिमेला याचेच तुरे फुलदाणीत ठेवून, तांदळाच्या पिठाचे लाडू मांडून चंद्र बघतात. आपल्या कोजागरीच्या आगेमागेच.

मी बसमधून उतरले आणि समोर काळा डोंगर. अक्षरशः कोळसा. मार्चच्या मध्याला तिथे सगळं गवत पेटवतात, यामायाकी म्हणतात त्याला. आधी कडेने कापून जाळरेषा आखायची, वारा बघायचा, बंब उभे ठेवायचे आणि मग आग. वारा-पाऊस जुळला नाही तर पुढे ढकलतात. आपल्या सह्याद्रीतल्या वणव्यांशी याची तुलना कृपया करू नका. तिथे कुणीतरी बिडी फेकतं आणि डोंगर जातो. मध्ये काही वर्षं सेंगोकुहारात जाळणं थांबलं, तर झुडपं माजली आणि गवत मागे हटायला लागलं. म्हणून पुन्हा पेटवायला लागले. वर जळतं ते वाळलेलं, जीव सगळा जमिनीखाली.

मला चिपळूणचे आजोबा आठवले. उन्हाळ्यात शेतात कवळं आणि शेण पसरून भाजावळ करायचे. मी लहानपणी विचारायचे, “आजोबा, शेत का जाळताय?” ते म्हणायचे, “अगं, जाळत नाही. भाजतोय.” तिथे भाताच्या रोपांसाठी, इथे गवतासाठी. हेतू वेगळा, पण तो करपट वास तोच. त्या काळ्या उतारावर मी एकटीच टुरिस्ट होते आणि मला रडू येत होतं. वाकून बघितलं तर राखेतून हिरवे कोंब, माझ्या बोटाएवढे.

येताना युमोतोच्या दुकानातून आजींसाठी मंजू घेतले. दार उघडल्यावर बॉक्स पुढे केला आणि ‘सॉरी’साठी जपानीत जेवढे शब्द येत होते तेवढे सगळे वापरले. त्यांनी बॉक्स घेतला आणि आतून छोटी करवत आणली. आपला गड्डा कुंडीतून काढला आणि मधोमध चिरला. फोडायचं तर याच दिवसांत, कोंब वर येत असताना. फार बारीक तुकडे करायचे नाहीत, हे गवत आधीच संथ, चिमूटभर लावलं तर वर्षभर नुसतं बघत बसतं. माझी मोकळी कुंडी अजून बाल्कनीत होती, मातीसकट.

त्या ऑक्टोबरला मी पुन्हा सेंगोकुहाराला गेले. सोनेरी होतं, गर्दी होती, फोटो काढले. छानच आहे, जा. पण मला विचाराल तर आधी मार्चअखेर जाऊन या.

डेप्युटेशन संपलं तेव्हा कुंडी आणता आली नसती. विमानतळावरची क्वारंटाइनची भानगड वेगळीच, पण मुळात त्याला हिवाळ्यात थंडीची झोप लागते आणि पुण्याचा एप्रिल त्याला पहिल्याच वर्षी संपवेल. माझ्या फ्लॅटमध्ये कंपनीतलाच एक नागपूरचा मुलगा राहायला आला. त्याला किल्ली दिली, कचऱ्याचं टाइमटेबल दिलं, आजींची ओळख करून दिली आणि कुंडी कोपऱ्यातल्या फुलीवर ठेवून आले. वीस मिनिटं सूचना दिल्या. त्याने मान हलवली, म्हणजे ऐकलं नव्हतं.

डिसेंबरात त्याचा मेसेज आला. सोबत फोटो, पेंढ्याचा.

“ताई, तुमचं गवत गेलं वाटते. फेकून देऊ का?”

मी मीटिंगमध्ये होते. टेबलाखाली टाइप केलं, “हात लावू नकोस. फेब्रुवारीत आजींचं दार वाजव. कात्री त्यांच्याकडे आहे.”