शेवटची दोन पावलं

व्हॉलीबॉलच्या मैदानावर नवा आलेला मुलगा आठवडाभरात एक मागणी हमखास करतो, "सर, उडी वाढवायचीय." सोबत मोबाइलवर पाहिलेला एखादा व्यायामही आणलेला असतो, बहुतेक वेळा पायांना वाळूच्या पिशव्या बांधून मारायच्या उड्यांचा. मी त्याला आधी शाळेच्या भिंतीपाशी नेतो. बोटांना खडू लावायचा, हात ताणून उभ्या उभ्या एक खूण करायची, मग जागेवरूनच उडी मारून दुसरी. बऱ्यापैकी तयारीच्या मुलाचं दोन खुणांतलं अंतर 50-60 सें.मी. भरतं. नंतर त्याला नेटवर आणतो आणि लिफ्टरला उंच बॉल द्यायला सांगतो. धाव घेतल्यावर उडी जागेवरच्यापेक्षा जास्त भरायला हवी. प्रत्यक्षात तोच मुलगा कोपर वाकवून, बॉल कपाळासमोर घेऊन मारतो आणि बॉल नेटमध्ये जातो.

उडी गेली कुठे? हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. 60 सें.मी. उडणाऱ्याला वर जायला साधारण 0.35 सेकंद लागतात, खाली यायला तेवढेच. शिखर सुटल्यावर पहिल्या दशांश सेकंदात तो जेमतेम 5 सें.मी. खाली येतो, पण दोन दशांश झाले की 20. म्हणजे दोन दशांश सेकंद आधी उडालात, की 20 सें.मी. गेले. एवढी उडी वर्षभर घाम गाळूनही वाढेल याची मी कुणाला हमी देणार नाही. इथे ती फुकट वाया जात असते.

उशिरा उडणारे थोडे, घाईने उडणारेच फार. बॉल लिफ्टरच्या हातातून सुटला की पोरगं सुटतं. बॉलच्या आधीच नेटखाली पोहोचतं, थांबतं, मान वर करतं आणि जागेवरूनच उडतं. धावेचा सगळा जोर त्या थांबण्यात मेलेला असतो. शूटिंग व्हॉलीबॉल खेळून आलेल्या मुलांत हे जास्त दिसतं. तिथे आलेला बॉल बहुधा थेट परतवायचा असतो, लिफ्टची वाट बघायची सवयच नसते. म्हणून वेळ साधणं आणि उंची वाढवणं हे दोन वेगळे धडे आहेत असं मी मानत नाही. जो उशिरा निघतो त्याला जोरात यावं लागतं, आणि जोरात आलेलाच वर जातो.

वर जातो तो शेवटच्या दोन पावलांमुळे. उजव्या हाताने मारणाऱ्याची पावलं डावं, उजवं, डावं. पहिलं नुसतं दिशा देणारं. उजवं लांब आणि खोल, टाच आधी टेकवून. त्याच वेळी दोन्ही हात मागे, जातील तितके. मग डावं झटक्यात थोडं पुढे येऊन बसतं, पंजा किंचित आत वळलेला. हे पाऊल ब्रेकचं आहे. पुढे धावणारं अंग इथे अडतं आणि मागून आलेले हात त्याला वर ओढतात. हात कमरेशीच ठेवणारी मुलं दरवर्षी भेटतात. त्यांना मी पायांचा व्यायाम देतच नाही, आधी हात मोकळे करून घेतो.

आता निघायचं कधी? मारायच्या जागेपेक्षा दोनेक मीटर वर गेलेला बॉल शिखरावरून तिथे यायला सुमारे 0.64 सेकंद घेतो. शेवटची दोन पावलं आणि वर चढणं मिळून जवळजवळ तेवढाच वेळ जातो. म्हणून उंच लिफ्टला माझा ठोकताळा एकच: बॉल वर क्षणभर थबकला की लांब पाऊल. तोवर मी बाहेरून ओरडत असतो, "अजून... अजून... हाण!" सुरुवातीचे बरेच दिवस मारू देत नाही, उडी मारून बॉल नुसता दोन्ही हातांनी वर पकडायला लावतो. कोपर वाकलं तर बॉल खाली आल्यावर पकडला, हे मुलाचं त्यालाच कळतं. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

भारताचा व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्ज हवेत थांबायचा, असं जुने खेळाडू अजून सांगतात. 1976 चा अर्जुन पुरस्कार, 1986 च्या सोल एशियाडचं कांस्यपदक, आणि 1987 मध्ये इटलीत अपघाती मृत्यू. हवेत कुणीच थांबत नाही, पण जुन्यांचे डोळे खोटं बोलत नाहीत. कुठल्याही उडीतला निम्मा वेळ सगळ्यात वरच्या पाव उंचीत जातो. त्या पट्ट्यात बॉल गाठणारा तरंगल्यासारखा दिसतो, बाकीच्यांचा तोच वेळ हात फिरवण्यात संपतो. जपानच्या प्रशिक्षक मात्सुदायरांच्या संघाने तर समोरच्या ब्लॉकरचीच वेळ चुकवायची कला केली. एकाने उडीचा नुसता देखावा करायचा, ब्लॉकर उतरायला लागला की दुसऱ्याने मारायचं. 1972 मध्ये म्युनिकला त्यांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.

व्यायाम मी देतो, नाही असं नाही. बैठका, पोटऱ्या, ठोकळ्यावर चढउतार, आणि दोन दिवसांमध्ये एक दिवस विश्रांती. वाळूच्या पिशव्या मात्र नाहीत. पिशवी बांधली की पावलांची लय जड होते आणि तीच लय नेटवर येते. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात सराव सिमेंटच्या कोर्टवर हलतो. बॉल मागे राहिला तर उजव्या हाताचा मुलगा वाकून मारतो आणि डाव्या एकाच पायावर उतरतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं ते असल्या उतरण्यानेही. कुणी तसं म्हणालं की त्याच्या उड्या बंद. भिंतीपाशी उभं राहून नुसता हात फिरवायचा. जत्रेतल्या सामन्यांच्या आठवड्यातसुद्धा. यावरून पालक भांडायला येतात, त्यांना मी मुलाचा गुडघा दाबून दाखवतो.