स्लॅब भरण्याआधी हिशेब मागा

मा. मंत्रिमहोदय,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन



पुण्यात गेली २२ वर्षं मी इमारतींची आरसीसी डिझाइनं करतो. गेल्या महिन्यात एका साइटवर स्लॅब भरताना उभा होतो. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा साधा स्लॅब. तुळया सोडल्या तरी त्यात जवळपास ८० गोणी सिमेंट जातं. ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या ५० किलोंच्या गोणीमागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. म्हणजे या एका स्लॅबमागे तीन टनांहून जास्त. त्या घरात अजून दिवाही लागलेला नाही.

आपल्या विभागाच्या नियमावलीप्रमाणे परवानगी घेताना पावसाचं पाणी कुठे जिरवणार, गाड्या कुठे लावणार, बंब कुठून वळणार, हे सगळं आम्ही नकाशावर दाखवतो. इमारत उभी करताना किती कार्बन सुटेल, हे मात्र कोणी विचारत नाही. ते विचारावं, एवढीच या पत्राची विनंती.

कारण हा कार्बन नंतर कमी करता येत नाही. जुना एसी बदलता येतो, गच्चीवर सोलर बसवता येतं. ओतलेलं काँक्रीट परत घेता येत नाही. शिवाय सिमेंटमधला दोष नुसता कोळशाचा नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की दगडातूनच ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, मग भट्टी कशावरही चालवा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने सिमेंट उद्योगाला टनामागच्या उत्सर्जनाची लक्ष्यं घालून दिली. चांगलं झालं. पण ती कारखान्याला लागू आहेत. इमारतीत किती टन सिमेंट घालायचं ते आम्ही ठरवतो. वेळ कमी असला की आम्हीही कॉलम दोन इंच जाड धरून मोकळे होतो. फ्लाय ॲशचं पीपीसी वापरा म्हटलं, तर ठेकेदार म्हणतो, "साहेब, ५३ ग्रेड ओपीसीने सेंट्रिंग लवकर उतरतं." पीपीसीला ताकद यायला जास्त दिवस लागतात, हे खरंच आहे. पण त्या घाईची किंमत कुठल्याच कागदावर येत नाही.

डेन्मार्कने १ जानेवारी २०२३ पासून १००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना कार्बनची मर्यादा घातली: साहित्य आणि ५० वर्षांचा वापर मिळून चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो. २०२५ मध्ये ती आणखी कडक केली, लहान इमारतींनाही लावली. स्वीडनने २०२२ पासून मर्यादा न घालता नुसता आकडा जाहीर करायला लावला. आपणही आकड्यापासूनच सुरुवात करू.

पर्याय आपल्याकडे आहेत. दिल्ली आणि मद्रास आयआयटीचा ज्याच्या संशोधनात मोठा वाटा आहे, त्या एलसी३ सिमेंटमध्ये क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून बनणारा सिमेंटचा मुख्य घटक, निम्म्यावर येतं. बाकी भाजलेली चिकणमाती, चुनखडीची पूड आणि थोडं जिप्सम. त्याचं भारतीय मानकही २०२३ मध्ये आलं. मागणी नाही, कारण कोणी विचारत नाही.

आणखी एक टेबल, आणखी एक शिक्का, ही भीती मलाही आहे. म्हणून नवा दाखला नको. सिमेंट, सळई, विटा यांची परिमाणं इस्टिमेटमध्ये असतातच. कोणत्या मालाला किती कार्बन धरायचा, याचा तक्ता शासनाने दरसूचीसारखा प्रसिद्ध करावा. आम्ही गुणाकार करून देऊ. घरकुलं आणि लहान घरं वगळा. सुरुवात सरकारी इमारतींपासून आणि मोठ्या पुनर्विकासापासून करा. दोन-तीन वर्षांचे आकडे हाती आले की मर्यादा ठरवा.

माझ्या पुढच्या फाइलीत, कोणी मागितला नसला तरी, चौरस मीटरमागचा तो आकडा मी जोडणार आहे. तो वाचायला आपल्या विभागात कोणाला तरी नेमावं.

आपला नम्र,
एक स्ट्रक्चरल इंजिनीअर, पुणे