फावडें, खुर्ची आणि भोगीची भाजी

हिमवृष्टीचें कौतुक करणारे लेखक बहुधा उष्ण प्रदेशांत राहात असावेत, असें शिकागोस येऊन राहिल्यापासून आम्हांस वाटूं लागलें आहे. बर्फ पडतांना सुंदर दिसतो, हें खरें. परंतु पडल्यावर तो कोणास तरी उपसावा लागतो, आणि ज्याच्या घरापुढें पडला त्यानेंच उपसावा असा येथील नगरपालिकेचा नियम आहे. रात्रींचा बर्फ सकाळीं 10 च्या आंत काढून पदपथावर 5 फूट रुंदीची वाट मोकळी झाली पाहिजे.

एका भोगीच्या सकाळीं असें झालें कीं, रात्रभर बर्फ पडून दाराच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. आम्ही फावडें घेऊन निघालों, तों नाना, म्हणजे आमचे तीर्थरूप, कानटोपी, मफलर आणि आमचेच जुने बूट चढवून दारांत उभे!

“अरे, दुसरें फावडें कोठें आहे?”

“दुसरें नाहीं, नाना. तुम्ही आंत बसा पाहूं.”

नानांचें वय 76. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत जाळी बसविलेली. थंडीनें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यांत ओझें उचलण्याचा ताण पडला म्हणजे हृदयावर दुहेरी भार येतो. बर्फ उपसतां उपसतां माणसें दगावल्याच्या वार्ता येथें दर हिवाळ्यांत येतात. हें सर्व आम्हीं त्यांस पूर्वींही समजावून सांगितलें होतें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हणाले, “जन्मभर अंगण मीं झाडलें. येथें मी काय पाहुणा आलों आहें?”

आई गेल्यावर पुण्याचें घर बंद करून ते आमच्याकडे आले, त्यास तेव्हां सात महिने झाले होते. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही मुकाट्यानें फावडें उचललें.

दीड तासानें पायऱ्या, पदपथ आणि रस्त्याच्या कडेची मोटार मोकळी झाली. तोंच नगरपालिकेचें बर्फ लोटणारें यंत्र आलें आणि रस्त्यांतला सारा बर्फ मोटारीच्या अंगास बांधासारखा घालून निघून गेलें. त्या यंत्रास बोल लावण्याची सोय नाहीं. 13 आणि 14 जानेवारी 1979 रोजीं, म्हणजे असेच संक्रांतीच्या सुमारास, येथें मोठें वादळ झालें. रस्ते वेळेवर साफ झाले नाहींत, तेव्हां लोकांनीं पुढच्याच महिन्यांत, पक्षाच्या उमेदवार-निवडींत, महापौर मायकेल बिलँडिक यांस घरीं बसवून जेन बर्न या बाईंस निवडलें. तेव्हांपासून यंत्रें कोणत्याही महापौरास विसरूं देत नाहींत.

बांध पुन्हां उपसला. आतां ही श्रमानें मिळविलेली जागा राखावयाची कशी? शिकागोंत त्यास एक रूढि आहे: मोटार निघाली कीं जागेवर मोडकी खुर्ची मांडावी, म्हणजे दुसरा कोणी तेथें मोटार लावीत नाहीं. कायद्यास हा हक्क मान्य नाहीं, पण रूढीपुढें कायदा येथेंही लंगडाच. आम्हीं खुर्ची मांडली. खिडकींतून नाना पाहात होते. “रस्ता सर्वांचा ना रे?” असें त्यांनीं विचारलें, आम्हीं ऐकलें न ऐकलेंसें केलें.

बाजाराची यादी नानांनींच केली होती: तीळ, चिक्कीचा गूळ, बाजरीचें पीठ, वांगीं, गाजरें, वालाच्या शेंगा, ओला हरभरा. फावडें मोटारीच्या पाठीमागें टाकून आम्ही, सौ. आणि दोन्ही मुलें डेव्हन अॅव्हेन्यूकडे निघालों. पटेल बंधूंनीं 1974 सालीं आपलें पहिलें दुकान येथेंच उघडलें; आज त्यांच्या शाखा देशभर पसरल्या आहेत. त्या दिवशीं तेथें पाऊल ठेवावयास जागा नव्हती. पुन्हां बर्फ पडणार म्हणून जो तो दूध आणि पिठें भरीत होता. ओला हरभरा संपला होता. गोठविलेल्या वालाच्या शेंगांवर भागवावें लागलें. यादींत नसलेलें 20 पौंडांचें तांदळाचें पोतें सौ.नें घेतलेंच.

परत येतों तों खुर्ची नाहीं आणि आमच्या जागेंत कोणा परक्याची मोटार! पोतें खांद्यावर घेऊन दोन गल्ल्या तुडवीत आलों. दार नुसतेंच लोटलेलें. हांक मारली, उत्तर नाहीं. स्वयंपाकघरांत कोणी नाहीं, खोलींत कोणी नाहीं, आणि खुंटीवर कोट नाहीं. ती पांच मिनिटें कशीं गेलीं तें सांगवत नाहीं. सौ. घराच्या मागल्या अंगास धांवली. आमच्या हातांतून गुळाची पिशवी केव्हां गळाली, तें आम्हांस कळलेंही नाहीं.

धाकट्यानें शेजारच्या खिडकींतून आजोबा पाहिले. शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या बाईंकडे ते कॉफी पीत बसले होते. बाईंस औषध द्यावयास येणाऱ्या परिचारिकेला मोटार लावावयास जागा मिळेना, ती तीन फेऱ्या मारून परत निघाली होती. म्हणून नानांनीं खुर्ची उचलून आपल्या अंगणांत ठेवली. फावडें मोटारींत गेल्यामुळें बाईंच्या पायऱ्या त्यांनीं आमच्या केरसुणीनें आणि सुपलीनें, थांबत थांबत, साफ केल्या होत्या.

आम्ही रागावलों. त्यापूर्वीं नानांवर आम्ही कधीं आवाज चढविल्याचें आठवत नाहीं. त्यांनीं तेंही ऐकून घेतलें. सौ.नें न बोलतां वांगीं चिरावयास घेतलीं. भाकरी पानांत पडल्यावर नाना म्हणाले, “ओझें नाहीं उचललें रे. सुपलींत मावेल तेवढेंच.”

रात्रीं पुन्हां बर्फ भुरभुरूं लागला. “सकाळीं किती वाजतां निघतोस?” त्यांनीं विचारलें. “साडेसहास. आपण जरा उशिरां या, ऊन आल्यावर,” आम्ही म्हणालों. दुसऱ्या दिवशीं कपाटावरच्या बाजाराच्या यादींत, हळदी-कुंकवाच्या सामानाखालीं, त्यांच्या वळणदार अक्षरांत एक ओळ वाढली होती: फावडें, लहान, 1.