पाच घरे

परवा वसुबारसेच्या संध्याकाळी शेजारच्या तरुणाने दार वाजवले. "काका, एखादा अ‍ॅडाप्टर असेल का हो? परदेशातून आणलेल्या यंत्राची पिन आपल्या भिंतीत काही बसत नाही." मी खण धुंडाळून एक काढून दिला. तो खुशीत निघून गेला आणि मी मात्र त्या शब्दाशी खेळत बसलो. केवढीशी ती वस्तू! आमच्या घरात या नावाची जी पहिली वस्तू आली, ती मला उचलवतही नव्हती; आणि तिची गोष्ट घडली ती याच खराडीत.

आज येथे इऑन आय.टी. पार्कचे दिवे रात्रभर जळतात. खराडी पुणे महापालिकेत आली 1997 साली. त्यापूर्वी ते नगर रस्त्यालगतचे, मुळा-मुठेच्या काठचे, ज्वारीचे आणि उसाचे गाव. खराद म्हणजे लेथ. तेव्हा आमचे मिस्त्री गमतीने म्हणत, "खराडीत खरादी नाही, म्हणून मला नाना पेठेतून यावे लागते!"

आप्पांची एक जुनी शेवरले ट्रक होती. जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात जुळवलेली. तो कारखाना 1954 साली बंद पडला, गाडी मात्र चालत राहिली. 1972 च्या दुष्काळात तिने कडबा वाहिला. एरवी गूळ आणि कांदा. पण ती पेट्रोलवर चालणारी. 1973 च्या ऑक्टोबरात तिकडे अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तीन डॉलरच्या आसपासचे खनिज तेलाचे पिंप काही महिन्यांत अकरा-बारा डॉलरवर गेले. त्या युद्धाची झळ आमच्या चुलीपर्यंत आली. एका खेपेचे भाडे पेट्रोलच पिऊन टाकू लागले.

आप्पांनी मनाशी ठरवले, गाडी डिझेलची करायची. आईच्या पाटल्या गेल्या आणि मद्रासच्या सिम्पसन कंपनीने बनवलेले एक जुने पर्किन्स पी-6 इंजिन आले. अपघातातल्या गाडीचे, इंजिन धड होते, पण गिअरबॉक्स फुटलेला. तेव्हा शेवरलेचाच पेट्रोलवरचा गिअरबॉक्स या डिझेल इंजिनाला जोडायचा होता.

सोयरीक अवघड होती. पेट्रोल इंजिन मिनिटाला तीन हजारांवर फेरे घेणारे, हलक्या पायाचे. डिझेल इंजिन जेमतेम चोवीसशे फेरे घेणार, पण हवा सोळापटीच्या आसपास दाबून पेटणारे. त्याचा एकेक दणका भारी. शिवाय एकाची बोल्टांची भोके दुसऱ्याला जुळत नव्हती. मिस्त्रींनी मधे बसवायला पाऊण इंच जाडीची पोलादी प्लेट कातून आणली. एका बाजूला इंजिनाची भोके, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. प्लेटमुळे गिअरबॉक्स तेवढाच मागे सरकला, म्हणून त्याच्या दांड्याचे टोक फ्लायव्हीलच्या पोटात पोहोचेना. त्यासाठी गनमेटलचा लांब बुश केला. क्लचप्लेट पर्किन्सची घेतली, पण तिच्या मधला दातेरी गड्डा शेवरलेचा बसवून रिव्हेट मारले.

"हे सगळे सोपे," मिस्त्री म्हणाले. "अवघड आहे ते सेंटर. इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत आला पाहिजे. प्लेट सगळे जुळवते. पण मध्य आपण जुळवायचा."

त्यासाठी त्यांनी फ्लायव्हीलवर डायलगेज बसवले. त्याचे टोक प्लेटच्या मधल्या भोकाला आतून टेकलेले. समोरून मिस्त्री हँडल मारून इंजिन हळूहळू फिरवणार आणि मी, पंधरा वर्षांचा, फळ्या काढलेल्या केबिनमध्ये बसून टॉर्चच्या उजेडात सुई वाचणार. सुईचे एक घर म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पूर्ण फेऱ्यात सुई पाच घरांपलीकडे जाता कामा नये. जास्त गेली की प्लेट हलकेच ठोकून सरकवायची. सुई पाचात आली की भोके पाडून डॉवेल पिना ठोकायच्या. मग प्लेट जन्मात हलणार नाही.

तो 1974 च्या लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. दुपारपासून सुई चाळीसवरून तीसवर, तीसवरून वीसवर आली होती. बाहेर अंधार पडू लागला. गावात फटाके वाजायला लागले. मिस्त्रींनी पुढून विचारले, "किती, बाळ?"

सुई बारा घरे हलली होती.

"पाच," मी म्हणालो.

पिना ठोकल्या. मी पळालो.

भाऊबीज झाल्यावर गाडी निघाली, ती आप्पांना नवे शिकवतच. पूर्वी इंजिन चांगले ओरडू द्यायचे आणि मग गिअर बदलायचा. आता लवकर बदलायचा आणि इंजिनाला आपल्या जोरावर ओढू द्यायचे. वेग कमी झाला, पण खर्चही पुष्कळ उतरला. आई पुन्हा हसू लागली. तिसरा गिअर जरा कठीण पडतो, असे आप्पा म्हणत. मी ऐकून न ऐकल्यासारखे करी. दीड महिन्याने वाघोलीच्या अलीकडे, भरल्या गाडीत, तिसरा गिअर आपोआप सुटू लागला आणि थोड्या वेळाने भरड दळल्यासारखा आवाज करून गाडी उभी राहिली. पुढचे बेअरिंग फुटून त्याचे तुकडे दात्यांत गेले होते. गाडी दोन महिने जागची हलली नाही. ताईचे माघात ठरलेले लग्न वैशाखावर गेले.

मिस्त्री आले. त्यांनी सगळे उतरवले, डायल पुन्हा बसवले आणि मला म्हणाले, "बस, बाळ. वाच."

हँडल फिरले. माझ्या घशाला कोरड पडली.

"बारा," मी म्हणालो.

पिना जागच्या जागी होत्या. प्लेट हललेली नव्हती. मिस्त्रींनी पुढे येऊन माझ्याकडे पाहिले नाही. हातोडी घेतली आणि प्लेट सरकवू लागले. रात्री आठ वाजता सुई चार घरांत आली. आप्पांना त्यांनी सांगितले, "सेंटर माझ्याकडून चुकले होते," आणि दुसऱ्या खेपेची मजुरी घेतली नाही. ती गाडी पुढे नऊ वर्षे चालली.

मी मोठा होऊन हिशेबतपासनीस झालो. लोकांचे आकडे तपासून सही करणे हा माझा धंदा. थकलेल्या संध्याकाळी, घरी जायची घाई असताना, एखादा आकडा 'ठीक आहे' म्हणून सोडून द्यावासा वाटे, तेव्हा ती टॉर्च आठवे.

आप्पांच्या अखेरच्या दिवाळीत मी त्यांना सारे सांगून टाकले. ते चहा पीत होते. म्हणाले, "ठाऊक आहे. मिस्त्रींनी मला त्याच रात्री सांगितले."

"मग तुम्ही मला कधी बोलला कसे नाहीत?"

आप्पांनी बशी खाली ठेवली.

"दुसऱ्या वेळी तू बारा म्हणालास ना," ते म्हणाले. "मग बोलायचे काय राहिले?"