गल्ल्यावरचा माणूस

पुण्याहून येणारे पाहुणे लंडनच्या सुपरमार्केटात एका फळीपाशी हमखास थबकतात. तिथे लोण्याला, चीजला, कधी बाळाच्या दुधाच्या डब्यालाही चोरी पकडणारी चकती लावलेली असते. एवढ्या श्रीमंत देशात लोणी कोण चोरतं, असं ते विचारतात.

मार्च २०२५ पर्यंतच्या वर्षभरात इंग्लंड-वेल्समध्ये दुकानचोरीचे ५ लाख ३० हजारांवर गुन्हे नोंदले गेले; आदल्या वर्षापेक्षा २० टक्के जास्त. न नोंदलेल्या चोऱ्या याच्या कितीतरी पट. महागाईचं कारण खरं आहे. मार्च २०२३ मध्ये खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षभरात १९ टक्क्यांनी महागल्या होत्या. नोकरी असलेली माणसंही फूड बँकेच्या दारात उभी राहिली. पण भुकेला माणूस पाव उचलतो. पिशव्या भरून मांस, दारू, चॉकलेट नेणारे ते विकायला नेतात. त्यांत व्यसनापायी रोज चोरणारे आहेत आणि संघटित टोळ्याही. त्यातच २०१० नंतरच्या सरकारी काटकसरीत सुमारे २० हजार पोलीस कमी झाले, आणि २०१४ च्या कायद्याने २०० पौंडांपर्यंतची चोरी किरकोळ गुन्ह्यांत गेली. पोलीस भरती पुढे झाली, तरी ‘बोलावलं तरी कोणी येत नाही’ ही समजूत चोर आणि दुकानदार दोघांच्याही मनात पक्की बसली.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते मात्र दुकानांनी स्वतःच केलेलं. खर्च वाचवायला त्यांनी माणसं काढली आणि बिलाची यंत्रं बसवली. गिऱ्हाइकाला चेहऱ्याने ओळखणारं कोणी उरलं नाही. जे उरले ते मार खातात. ब्रिटिश रिटेल कन्सॉर्शियमच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये मारहाण, धमक्या आणि शिवीगाळीचे रोज २ हजारांवर प्रकार घडले. अशा दुकानांत रात्रपाळी करणारी आपली विद्यार्थी मुलंही आहेत; त्यांच्या आईवडिलांना हे ठाऊक असायला हवं.

पुण्यात चोरी नव्हती असं कोण म्हणेल? तुळशीबागेच्या गर्दीत पर्स सांभाळायला आपण लहानपणीच शिकतो. पण पेठेतल्या वाण्याकडे माल गल्ल्यामागे असायचा आणि शेजारी उधारीची वही. हात आखडलेल्या घराला महिनाअखेरीस तेल-डाळ मागता यायची, अब्रू राखून. लंडनच्या यंत्राकडे उधारी मागता येत नाही.

आता पुण्यातही खरेदी मोठ्या दुकानांकडे सरकते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५ हजार रुपयांखालच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याला, माल किंवा किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. ही तरतूद माणुसकीची आहे. पण तिचा उपयोग चोरी झाल्यावर. चोरीआधी थांबवणारा, अडलेल्याला ओळखणारा माणूस दुकानातच लागतो. त्याचा पगार हा वाचवायचा खर्च नव्हे, एवढं पुण्याच्या दुकानदारांनी लंडनकडे पाहून आजच ठरवावं.